जुन्या वाड्याच्या माळ्याची भार-तपासणी : एका सल्लागार सेवेचे परीक्षण

वाईतील आमच्या वडिलोपार्जित वाड्याचा माळा नेमके किती वजन पेलू शकेल, हे तज्ज्ञाकडून ठरवून घेण्यासाठी आम्ही पुण्यातील एका संरचना सल्लागार कार्यालयाची सेवा घेतली. पुण्यातील घर लहान करायचे ठरल्याने तिथली पुस्तकांची कपाटे, लोखंडी ट्रंका आणि पितळेची भांडी वाड्याच्या माळ्यावर हलवायची होती, आणि शक्य झाल्यास पाचशे लिटरची पाण्याची टाकीही तिथेच बसवायची होती. कार्यालयाचे नाव इथे मुद्दाम देत नाही. तपासणी कशी झाली आणि तिच्यातून काय हाती आले हे नीट कळले, तर वाचकाला दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतानाही त्याचा उपयोग होईल. माझे मत आधीच सांगतो : तपासणी उत्तम, अहवाल सामान्य, आणि मिळालेला सल्ला शुल्काच्या कितीतरी पट मोलाचा.

त्याआधी एका ठेकेदाराला बोलावले होते. त्याने दारातूनच वर पाहिले, 'दोन गर्डर टाकून घ्या, मग कशाचीच चिंता नको' असे सांगितले आणि संध्याकाळी दरपत्रक पाठवले. लाकूड कोणते, त्याची अवस्था काय, वर माती किती, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. आमच्या सुतारमिस्त्रींचे मत नेमके याच्या उलट होते. 'अहो, जुना साग आहे हा, हत्ती चढवा वर,' असे ते ठामपणे सांगत. कार्यालयाकडून आलेल्या अभियंता बाईंनी त्यांचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, 'मिस्त्री, हत्ती चढेलही, पण तो कुठे उभा करणार ते आधी सांगा.' पुढची सगळी तपासणी या एका प्रश्नाभोवतीच फिरली.

आमचा माळा कडीपाटाचा आहे. बारा फूट लांबीच्या तीन तुळया समोरासमोरच्या भिंतींत गेलेल्या आहेत, त्यांच्यावर दर दीड फुटाला एक याप्रमाणे आडव्या कड्या आहेत, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. दोन तुळयांमधले अंतर आठ फूट. तुळया आठ इंच रुंद व नऊ इंच उंच, तर कड्या चार इंच बाय पाच इंच. ही मापे घेण्यात फारसा वेळ गेला नाही. वेळ गेला तो लाकडाची प्रकृती पाहण्यात. बाईंनी प्रत्येक तुळई हातोडीने ठोकत नेली. जिथे आवाज खणखणीत येई तिथे त्या पुढे सरकत आणि जिथे बद्द येई तिथे खडूने खूण करत. खुणेच्या जागी दाभण टोचून ते किती आत जाते ते पाहिले आणि ओलावा मोजण्याच्या छोट्या यंत्राने आकडा घेतला. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर ते सहसा कुजत नाही, असे त्यांनी सांगितले. आमच्या बहुतेक कड्या या मर्यादेच्या बऱ्याच खाली होत्या. तिसऱ्या तुळईचे पश्चिमेच्या भिंतीत गेलेले तोंड मात्र वेगळे निघाले. वरच्या कौलांची पन्हळ तिथेच गळते. भिंतीलगत दाभण टोचताच ते मुठीपर्यंत आत गेले आणि बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला काळपट ओला भुसा चिकटलेला होता. खालून पाहताना त्या जागेचा चुना जरासा फुगलेला दिसे, एवढेच. इतकी वर्षे त्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नव्हते.

त्यानंतर प्रत्येक तुळईखाली टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून मध्यभागीचा झोल मोजला गेला. भारतीय मानकानुसार लाकडी तुळईचा झोल सर्वसाधारणपणे लांबीच्या २४० व्या भागापेक्षा जास्त असू नये आणि खाली प्लास्टरसारखे तडकणारे काम असेल तर ३६० व्या भागापेक्षा. बारा फुटांच्या तुळईला पहिली मर्यादा सुमारे पाच सुतांची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पडते. पहिल्या तुळईचा झोल चार सूत भरला, तिसरीचा नऊ सूत. लाकडावर वर्षानुवर्षे ओझे राहिले की ते हळूहळू वाकत जाते आणि ओझे काढले तरी पूर्णपणे सरळ होत नाही. त्यामुळे केवळ झोल दिसला म्हणून तुळई मोडायला आली असे होत नाही. पण तिच्यावर आजवर किती भार राहिला याची ती चांगली साक्ष असते, असे बाईंचे म्हणणे.

तो भार कशाचा होता, याचे उत्तर मातीत सापडले, आणि या सेवेचे खरे मोल मला तिथे पटले. माळ्यावर सामान जवळजवळ नव्हतेच. बाईंनी चार ठिकाणी हातभर रुंदीचे चौकोन खणून मातीची जाडी मोजली. पहिल्या दोन तुळयांच्या आसपास ती चार इंच होती, तिसऱ्या तुळईच्या आसपास सात इंच. घरातल्या प्रत्येक पिढीने गळती थांबवण्यासाठी आणि जमीन सपाट करण्यासाठी जुन्या थरावर नवा थर चढवलेला होता. जुना कोणी काढला नव्हता. दाबून बसलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १,७०० किलो धरले, तर चार इंचांच्या थराचे वजन चौरस मीटरला १७० किलोंच्या पुढे जाते आणि सात इंचांच्या थराचे ३०० किलोंच्या. एका तुळईच्या वाट्याला बारा फूट बाय आठ फूट, म्हणजे जवळजवळ नऊ चौरस मीटर क्षेत्र येते. म्हणजे रिकाम्या माळ्याच्या त्या कोपऱ्यातली तिसरी तुळई पावणेतीन टन माती अंगावर घेऊन उभी होती, तीही एक तोंड कुजलेले असताना.

गणित त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडले, हे मला विशेष आवडले. चांगल्या नव्या सागाला जेवढा ताण मंजूर असतो, त्याहून कमी, म्हणजे चौरस मिलिमीटरला १० न्यूटन एवढाच ताण त्यांनी धरला, कारण लाकूड जुने आहे आणि त्याच्यात गाठी व चिरा आहेत. या हिशेबाने कड्या भक्कम निघाल्या. त्यांच्यावर चौरस मीटरला ८०० किलोंच्या आसपास एकूण भार चालला असता. मर्यादा ठरवली ती तुळयांनी. धडधाकट तुळईची क्षमता चौरस मीटरला सुमारे ४४० किलो आली. त्यातून माती, पाट, कड्या आणि तुळईचे स्वतःचे असे मिळून २१५ किलो वजा केले की सामानासाठी सव्वादोनशे किलो उरतात. माळ्यावर चालून पाहणाऱ्याच्या पायाखाली पाट आणि कड्या असतात, त्या हलत नाहीत म्हणून तो निर्धास्त होतो. भार मात्र शेवटी ज्या तुळईवर जातो ती त्याला वरून दिसतही नाही.

दुसऱ्या तुळईची गोष्ट वेगळी होती. विजेचे काम करताना कोणीतरी वायरच्या नळीसाठी तिच्या खालच्या अंगाला, अगदी मध्यावर, इंचभर खोल खाच पाडलेली होती. नऊ इंचांतला एक इंच गेला तर नवव्या हिश्श्याइतकी ताकद जाईल असे आपल्याला वाटते. पण तुळईची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे प्रत्यक्षात पाचव्या हिश्श्याहून अधिक जाते. या एका खाचेने तिथल्या सामानाची मर्यादा सव्वादोनशेवरून १३० किलोंवर आली. खाच रुंदीच्या बाजूला, उभ्या अंगावर असती तर नुकसान बरेच कमी झाले असते. विजेची कामे करणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि सुतार समोर नसेल तर त्यांना थांबवणारेही कोणी नसते.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ काय? भारतीय मानकाच्या आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका भार धरायला सांगितले आहे. चौरस फुटाच्या भाषेत तो १९ किलोंच्या आसपास येतो. ग्रंथालयातील पुस्तकांच्या साठवण खोलीसाठी मात्र हाच आकडा ६ किलोन्यूटन आहे आणि कपाटांची उंची २.२ मीटरपेक्षा वाढली की तोही वाढतो. तीन फूट रुंद, एक फूट खोल आणि सात फूट उंच कपाट पुस्तकांनी गच्च भरले, तर त्याचे वजन सहज दीडशे ते दोनशे किलो होते आणि ते सगळे तीन चौरस फुटांवर येते, म्हणजे चौरस फुटाला पन्नास किलोंच्या पुढे. अशी पाच-सहा कपाटे माळ्याच्या मधोमध ओळीने उभी करायची आमची कल्पना होती. ती ऐकल्यावर बाईंनी कागदावर दोनच रेषा काढल्या. पहिल्या तुळईवर दोन टन सामान सर्वत्र सारखे पसरले तर चालेल. तेच सामान तुळईच्या बरोबर मध्यावर रचले तर एका टनातच ती मर्यादेला पोचेल, कारण मध्यावरचे ओझे पसरलेल्या ओझ्याच्या दुप्पट वाकवते. भिंतीलगत, तुळईच्या टोकापाशी ठेवलेले ओझे सर्वांत कमी वाकवते. अर्थात ते टोक धडधाकट असले पाहिजे. मिस्त्रींच्या हत्तीला उत्तर मिळाले ते असे.

पाण्याच्या टाकीला त्यांनी स्पष्ट नकार दिला. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो, तेही एका चौरस मीटरच्या आत आणि बारमाही. शिवाय टाकी कधी ना कधी पाझरणार आणि लाकडाला ओल लागणार. टाकीसाठी अंगणात वेगळी चौथरी बांधावी, हा सल्ला आम्ही मानला.

आकडे नुसते कागदावर राहू नयेत म्हणून पहिल्या तुळईवर प्रत्यक्ष भारचाचणी घ्यावी, अशी विनंती मी केली. ती त्यांच्या ठरलेल्या कामात नव्हती, तरी त्यांनी मान्य केली, आणि संपूर्ण सेवेतला हा भाग पाहण्यासारखा झाला. सर्वांत आधी तुळईखाली लोखंडी टेकू उभे केले, पण ते तुळईला भिडवले नाहीत. मध्ये इंचभर फट ठेवली, म्हणजे काही विपरीत घडले तर तुळई टेकूंवर बसावी. वर लांब फळ्या अंथरून त्यांच्यावर दोनशे लिटरचे नऊ रिकामे पिंप सारख्या अंतरावर मांडले आणि खालून नळी लावून ते थोडे थोडे, सगळे बरोबरीने भरत नेले. तुळईच्या मध्याला एक पोलादी पट्टी टांगली होती आणि तिच्यासमोर जमिनीवर रोवलेल्या काठीवर बारीक रेघ मारली होती. पिंप निम्मे भरेपर्यंत पट्टी हलल्यासारखी वाटतही नव्हती. पूर्ण भरल्यावर ती पाच मिलिमीटर खाली आली. गणिताने सहा मिलिमीटर सांगितले होते. रात्रभर भार तसाच ठेवला, सकाळी आणखी एक मिलिमीटर झोल दिसला. पिंप रिकामे केल्यावर पट्टी जवळजवळ मूळ जागी परतली, मिलिमीटरभर तेवढी खाली राहिली. इतके झाल्यावर मिस्त्रींनी काही न बोलता दोरी गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्या तुळईतली खाच स्वतः पुन्हा एकदा मोजून पाहिली. ही चाचणी कोणीही घरच्या घरी करू नये. टेकू नसताना, आणि तुळईची टोके तपासलेली नसताना, वर दोन टन पाणी चढवणे म्हणजे निव्वळ आततायीपणा.

शेवटी मिळालेला सल्ला गर्डरच्या सल्ल्यापेक्षा पुष्कळ साधा होता : वजन पेलण्याची ताकद विकत घेण्याआधी नको असलेले वजन उतरवा. पन्हळीची गळती प्रथम बंद करायची. कुजलेल्या तोंडाजवळ, तिसऱ्या तुळईखाली, दगडी तळखड्यावर सागाचा खांब उभा करायचा. आणि संपूर्ण माळ्यावरची माती काढून तिच्या जागी फळ्यांची जमीन करायची. मातीही एका टोकाकडून खरवडत न्यायची नाही, तर टेकू लावून सर्व खणांतून थोडी थोडी उतरवायची. हे सगळे झाल्यावर तिसऱ्या तुळईची क्षमता हिशेबाने बरीच वाढते. पण जुने लाकूड आणि खालच्या भिंती लक्षात घेऊन त्यांनी पहिल्या व तिसऱ्या तुळईसाठी चौरस मीटरला २५० किलोंची आणि खाचेच्या तुळईसाठी २०० किलोंची मर्यादा लिहून दिली. खांब बसेपर्यंत तिसऱ्या तुळईच्या दोन्ही बाजूंना काहीही ठेवायचे नाही, हे त्यांनी लाल शाईने लिहिले. माती उतरवण्यामागे भूकंपाचाही विचार होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का वाईतल्या जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीच्या जड धाब्यांनी व दगडी भिंतींनी किती माणसे गाडली ते महाराष्ट्राने पाहिले आहे. डोक्यावरचे प्रत्येक किलो हलत्या घरात वैरी होते, हे बाईंचे वाक्य मला पटले. मातीमुळे खोलीत राहणारा गारवा मात्र जाणार. त्याबद्दल त्यांनी काही सुचवले नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती उणीव जाणवली.

आता तक्रारी. अहवाल ठरलेल्या मुदतीनंतर बराच उशिरा आला आणि तो संपूर्ण इंग्रजीत होता. सर्व मापे मिलिमीटरमध्ये, तर काम करणारे मिस्त्री सूत, इंच आणि फूट यांच्यात विचार करणारे. तुळयांना अहवालात जे क्रमांक दिले होते ते प्रत्यक्ष तुळयांवर कुठेही लिहिलेले नव्हते, त्यामुळे कोणत्या तुळईची मर्यादा किती हे समजायला नकाशा उलटासुलटा करून पाहावा लागे. आम्ही आग्रह धरल्यावर त्यांनी मराठीत एक पान करून दिले. त्यात माळ्याचा आराखडा, कपाटे ठेवण्याच्या जागा आणि प्रत्येक भागाची मर्यादा चौरस फुटाच्या हिशेबात आहे. ते पान आता जिन्याच्या तोंडाशी लावले आहे, आणि खरे तर पूर्ण अहवालापेक्षा तेच अधिक वापरले जाते. असे पान मागावे लागू नये. वर जाणाऱ्या लाकडी जिन्याची तपासणी त्यांनी केली नाही, ही मला मोठी त्रुटी वाटते. भरलेल्या ट्रंका चौघांनी उचलून नेताना सगळे वजन आधी त्या जिन्यावर येणार असते. वाळवीच्या उपचारासाठी त्यांनी दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवले, ते मात्र योग्यच होते.

शुल्क प्रवासखर्चासह २२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे पडले. भारचाचणीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. टेकू, पिंप आणि मजूर आमचे. ठेकेदाराच्या गर्डरच्या दरपत्रकाशी तुलना केली तर ही रक्कम किरकोळ आहे, आणि ते गर्डर कुजलेल्या तोंडाच्या त्याच ओल्या भिंतीत बसवले गेले असते हे लक्षात घेतले तर अधिकच.

पुण्यातल्या सदनिकेतील काँक्रीटच्या पोटमाळ्याविषयीही मी जाता जाता विचारले. त्यावर त्यांनी आकडा देण्याचे टाळले, आणि न पाहता आकडा दिला नाही याबद्दल मला त्यांचा आदरच वाटला. एवढे मात्र सांगितले की, असे पोटमाळे बहुधा तीनेक इंच जाडीचे आणि एकाच बाजूने भिंतीत धरलेले असतात, त्यांची सळई वरच्या अंगाला असावी लागते, आणि ओतकामाच्या वेळी मजुरांच्या पायाखाली ती खाली दबलेली असली तर पोटमाळ्याची ताकद निम्म्याहूनही कमी होऊ शकते. तेव्हा जड वस्तू भिंतीकडे आणि हलक्या कडेला ठेवाव्यात. अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाने आपल्या घराचे आकडे पाठवले होते : सामान न ठेवण्याच्या माळ्यासाठी चौरस फुटाला १० पौंड, थोड्या सामानासाठी २०, झोपण्याच्या खोलीसाठी ३०. त्यांतला पहिला आकडा किलोंत चौरस मीटरला पन्नाससुद्धा भरत नाही. इंटरनेटवर शोधणाऱ्याला बहुधा हेच आकडे सापडतात; पण ते तिकडच्या सडपातळ, कारखान्यात जोडलेल्या लाकडी सांगाड्यांचे आहेत, आपल्या मातीच्या थराखालच्या सागाला ते ना वरून लागू पडतात ना खालून.

ज्यांचा वाडा किंवा जुने घर कडीपाटाचे आहे आणि ज्यांना माळ्यावर पुस्तके, धान्याची पोती किंवा लोखंडी सामान ठेवायचे आहे, त्यांनी अशी तपासणी अवश्य करून घ्यावी. काम ठरवतानाच चार गोष्टी लेखी मागाव्यात : भिंतीत गेलेले प्रत्येक तोंड टोचून पाहणे, मातीची जाडी खणून मोजणे, जिन्याची तपासणी, आणि सामान कुठे ठेवावे याचे मराठीतले एक पान. एक पावसाळा गेल्यावर तिसऱ्या तुळईचा ओलावा पुन्हा मोजून घ्यावा, असे अहवालात लिहिले आहे. ती फेरतपासणी या शुल्कात धरलेली नाही, तिचे ४,००० रुपये वेगळे.